मामाचा रुसवा

‘मामा, चला ना,’ स्नेहल माझ्या कानाशी कुजबुजली. ‘भटजी परत बोलवायला लागलेत.’

मला ऐकू येत होतं. कार्यालयाच्या कर्ण्यावरून भटजी घसा ताणून सांगत होते, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन बोहल्याकडे यावे, मुहूर्त जवळ आला आहे. बँड थांबला होता. अक्षता वाटून झाल्या होत्या. समोर अंतरपाट धरायला दोन पोरं तयार होती आणि नवरामुलगा पाटावर उभा राहून आमच्या दाराकडे बघत होता.

नवरीची खोली आणि हॉल यांच्यामध्ये एकच अरुंद दार. अलीकडे साधी फरशी, पलीकडे लाल गालिचा. स्नेहलचा हात माझ्या हातात होता. तिनं दाराबाहेर पाऊल टाकलं, हात ताणला गेला आणि ती मागे आली, कारण मी जागचा हललो नव्हतो.

माझे पाय जमिनीला चिकटले होते. हे मी बोलायची रीत म्हणून सांगत नाही. उजव्या पायाला मी आतून सांगत होतो, उचल, उचल. आणि पाय काही केल्या मनावर घेत नव्हता. कंबरेवरचं शरीर पुढे निघालेलं आणि पावलं मागेच. वीज मंडळात लाईनमन म्हणून मी जन्म काढला, वादळवाऱ्यात खांबांवर चढलो. त्या मला एक सपाट दार ओलांडता येईना.

कंपवात झालाय हे मला माहीत होतं. उजवा हात थरथरायचा, तो मी खिशात ठेवायचो. मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या चालू होत्या. त्या दिवशी पहाटेपासून हळद आणि पाहुणे यांच्या गडबडीत सकाळची गोळी राहून गेली होती. पण पाय असे कधी धरले गेले नव्हते. हे दुखणं दोघींनाच माहीत होतं, डॉक्टरीणबाई आणि माझी बायको इंदू. इंदूला मी शपथ घातली होती, कुणाजवळ बोलायचं नाही म्हणून.

या दुखण्याची आणखी एक खोड आहे. चेहऱ्यावरचे भाव हळूहळू कमी होत जातात. माणूस आतून हसत असला तरी बाहेरून तो नुकताच कुणाशी तरी भांडून आल्यासारखा दिसतो. तेव्हा दारात मी कसा दिसत होतो ते सांगायला नको. तोंड दगडासारखं, नजर जमिनीवर, आणि नवरीचा हात धरून ठाण मांडलेला मामा.

याचा अर्थ आमच्या तासगाव भागात लहान पोरसुद्धा एकच लावेल.

‘मामा रुसला,’ स्नेहलची आत्या, बायाक्का म्हणाली. म्हणाली हळूच, पण बायाक्काचं हळू म्हणजे निम्म्या हॉलला पुरतं. आणि मग जे व्हायचं तेच झालं. आमच्याकडे लग्नात कुणी ना कुणी रुसायचंच असतं. एखाद्याला टोपी लहान आली, कुणाला पंगतीत मागे बसवलं, कुणाचं नाव पत्रिकेत खाली छापलं. रुसलेल्याची समजूत कशी काढायची हेही सगळ्यांना पाठ असतं. माणसं धावपळीला लागली.

मला सकाळी टॉवेल-टोपीचा आहेर झाला होता. कुणीतरी म्हणालं, मामाला टॉवेल-टोपीवर भागवलं होय, मग काय होणार? लगेच शाल आली. माझ्या खांद्यावर टाकली. मी हललो नाही. नारळ आला, तो डाव्या हातात दिला. मी हललो नाही. मग एकाला वाटलं फेट्याचं राहिलंय, म्हणून उभ्या उभ्या माझ्या डोक्याला फेटा बांधला. बांधणारा मोठा हौशी होता, त्यानं तुरा चांगला वीतभर काढला. एवढा नटवलेला मी, आणि पाय तिथेच.

‘माझं ऐका,’ मी म्हणालो खरा. पण या दुखण्यात आवाजही खाली बसतो, आणि सगळे एकाच वेळी बोलत होते.

तुम्ही विचाराल, मग स्नेहलच्या कानात तरी सांगायचं की पाय धरलेत म्हणून. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात माझी नजर नवऱ्यामुलाच्या चुलत्यांवर गेली. ते माझ्यासमोर चार हातांवर उभे होते. सुपारी फुटायच्या आधी याच गृहस्थांनी दहा जणांकडे चौकशी केली होती, मुलीची आई कशानं गेली, घराण्यात काही दुखणं आहे का. आई पोटाच्या गाठीनं गेलेली, त्यावरूनच सोयरीक अडली होती. आता मुलीचा सख्खा मामा बोहल्याच्या वाटेवर खुंट्यासारखा थिजला आणि म्हणाला की माझ्या मेंदूत बिघाड आहे, तर काय झालं असतं? रुसलेला मामा म्हणजे लग्नातली गंमत. आजारी मामा म्हणजे कुजबुज. ती पोरीच्या मागे सासरी गेली असती.

मी तोंड मिटलं. रुसलेला तर रुसलेला.

हॉलच्या त्या टोकाला इंदू दिसली. तिला कळलं होतं. ती गर्दीतून वाट काढत होती आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विचारत होती, सांगू का? मी मान हलवली, नाही. तेवढी मान हलली. ती जिथल्या तिथे थांबली आणि पदर तोंडाला लावला.

मग गर्दी फाकली आणि दाजी आले.

दाजी म्हणजे रंगराव, स्नेहलचे वडील, माझ्या धाकट्या बहिणीचे, शालनचे यजमान. अंगानं भरलेला माणूस, गुडघे गेलेले, बोलणं मोजकं. त्यांना बघितलं आणि मला कळलं की हा रुसवा सगळ्यांनी इतक्या सहज का मानला. त्या घरात मी शालनच्या तेराव्यानंतर पाऊल टाकलं नव्हतं. शालन सहा-सात महिने अंथरुणावर होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. फोन आला तो ती गेल्याचाच. मी पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. तेराव्या दिवशी मी दाजींना भर पंगतीत बोलू नये ते बोललो आणि उठलो. स्नेहल तेव्हा तिसरी-चौथीत असेल. पुढे ती सुट्टीत आमच्याकडे पलूसला यायची, इंदू तिला लेकीसारखं करायची, पण दाजी आणि मी एकमेकांच्या वाटेला गेलो नाही. लग्नाला मी आलो तो स्नेहलसाठी. आई नसलेल्या पोरीला मांडवात न्यायचं आणि मंगलाष्टकं होईतोवर तिच्या पाठीशी उभं राहायचं, हा माझा मान होता, आणि मला तो हवा होता. जगात दुसरं काही नको होतं त्या दिवशी.

दाजींनी फेट्याकडे बघितलं, शालीकडे बघितलं. बाकीच्यांना हातानंच मागे सारलं.

‘टोपी-फेट्यासाठी रुसणारा माणूस न्हाई ह्यो,’ ते बायाक्काला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. ‘मला म्हाईत हाय तुम्ही कशापायी उभं राह्यलाय.’

 स्नेहलचा हात माझ्या हातात गार पडला होता.

‘शालनचं दुखणं मी तुमच्यापासनं लपवलं,’ दाजी म्हणाले. त्यांनी आवाज खाली केला नाही. चुलते ऐकत होते, भटजी ऐकत होते. ‘पयल्यांदा वाटलं, बरी हुईल, मग सांगू. मग बरं वाटंना झालं, तवा लाज वाटाय लागली. तुम्ही म्हणला असता, माझी भन नांदाय दिली हुती, हे काय केलंसा. म्हणून आज सांगू, उद्या सांगू करत ऱ्हायलो.’ ते थांबले. ‘ती म्हणायची, दादाला बोलवा. दोन बार म्हणली. मी बोलावलं न्हाई.’

हे मला माहीत नव्हतं.

इतकी वर्षं मी असं धरून चाललो होतो की शालनलाच मला त्रास द्यायचा नव्हता. तिचा स्वभाव तसा होता. त्यावर मी मनाची समजूत घातली होती. आणि आता, नारळ हातात धरून, वीतभर तुऱ्याचा फेटा डोक्यावर घेऊन मी ऐकत होतो की तिनं मला बोलावलं होतं.  तेराव्याला जो राग आला होता तो या रागापुढे काहीच नव्हता. मला दाजींची गचांडी धरायची होती. आणि हात नारळात अडकलेला, पाय जमिनीत आणि चेहऱ्यावर काही उमटत नाही. दाजींना वाटलं असणार, अजून मन द्रवलं नाही.

तेव्हा त्यांनी जे केलं ते आमच्यात कुणी कधी बघितलं नव्हतं. दाजी आमच्या घरचे जावई, आणि जावई हा देवाच्या जागी. त्याचे पाय सासरच्यांनी धुवायचे. तो माणूस दाराच्या चौकटीला धरून, गुडघे वाकवत, कण्हत खाली बसला आणि त्यानं माझ्या पायांकडे हात नेला. पण तोल राहिना म्हणून त्यांनी उजवा पंजा जमिनीवर टेकला. माझ्या पायाच्या बोटांच्या अगदी पुढे, आडवा. जाड बोटं, द्राक्षाच्या वेली बांधून बांधून काळी पडलेली, त्यात लग्नाची अंगठी.

माझी नजर त्या हातावर पडली आणि उजवा पाय उचलला गेला.

मी उचलला असं मला म्हणवत नाही. हात तुडवला जाऊ नये एवढं डोळ्यांना कळलं आणि पाय वर झाला, हाताच्या पलीकडे, गालिच्यावर पडला. पाठोपाठ डावा आला. मग तिसरं पाऊल, चौथं, आणि मी चालायला लागलो. स्नेहल माझ्या हाताला धरून निघाली. मागे माणसं दाजींना उठवत होती. बायाक्का रडत होती. कुणीतरी म्हणालं, निघाला बाबा रुसवा, आणि बँडवाल्यानं, त्याला कुणी सांगितलं नसताना, ढोलावर थाप मारली.

मुहूर्त गाठला गेला. मंगलाष्टकं होईतोवर मी स्नेहलच्या पाठीशी उभा राहिलो. उभं राहायला मला काहीच अडचण नव्हती, उभं राहण्यात त्या दिवशी माझा हात धरणारा कुणी नव्हता. जेवणाच्या पंगतीत चुलते माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले की असा बाणेदार मामा आणि असा मनाचा मोठा बाप असलेल्या घरात सोयरीक झाली, याचा आम्हाला आनंद आहे. मी जिलबी खाल्ली. दाजींकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर इंदूनं आधी मला मिरजेला नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मला काका म्हणायच्या. मी त्यांना सगळं सांगितलं, फक्त दाजी काय बोलले ते सोडून. विचारलं की जो पाय माझ्या हुकमानं हलत नाही, तो दुसऱ्याचा हात बघून कसा हलला?

त्यांनी कागदावर मेंदू काढला, उभा चिरलेला. खाली बुडाशी एक काळसर ठिपका असतो, म्हणाल्या. तिथून बारीक तंतू वर जातात, मेंदूच्या मध्यावर खोल दडलेल्या दोन गाठींकडे. चालायला लाग, थांब, वळ, या ज्या गोष्टी आपण विचार न करता करतो, त्यांना मोकळी वाट करून देणं हे त्या गाठींचं काम. तुमचे ते तंतू वाळत चाललेत. गाठीपर्यंत रसद पोचत नाही, म्हणून वाट उघडत नाही. त्यातून अरुंद दार, गर्दी, घाई, अशा वेळी तर हमखास नाही.

‘म्हणजे फीडर गेलाय, गावाला वीज आणणारी मोठी लाईन,’ मी म्हणालो.

त्या हसल्या. म्हणाल्या, तसंच समजा. पण चालण्याचा हुकूम यायला आणखी एक रस्ता आहे. डोळ्यांना समोर काही ओलांडायचं दिसलं, एखादी रेघ, काठी, कुणाचं पाऊल, तर मेंदूचा वरचा भाग त्या खोलातल्या गाठींना फारसं न विचारता परस्पर काम करून टाकतो. कित्येक रोग्यांना सपाट जमिनीवर चालवत नाही आणि जिना मात्र ते भराभर चढतात.

हे मला लगेच पटलं. एका बाजूचा पुरवठा बंद पडला तर दुसऱ्या बाजूनं लाईन फिरवून गाव उजळायचं, हे आम्ही आयुष्यभर केलं. गावातल्या माणसाला दिवा लागला एवढंच दिसतं. वीज कुठून आली ते त्याला कळत नाही.

पण माझा प्रश्न तेवढ्यावर मिटला नव्हता. मी जरा घुटमळलो. म्हटलं, ‘बाई, समजा तो हात ज्याचा होता, त्याच्याबद्दल माझ्या मनात त्या घडीला काय होतं, त्याचा पाय उचलण्याशी काही संबंध?’

‘काय होतं मनात?’

‘राग.’

त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘पायाला ते कळत नाही, काका. मनाचं मला तपासता येणार नाही.’

गोळीची वेळ बदलून मिळाली, पाय अडले तर काय करायचं तेही शिकवलं. आणि मी बेचैन झालो. कारण गावागावांत आता एक गोष्ट फिरत होती, की रंगरावांनी हात जोडले आणि हिंदुरावांनी, म्हणजे मी, एवढ्या वर्षांचं वैर टाकून पाऊल पुढे टाकलं. स्नेहलचा सासरहून फोन यायचा. ती म्हणायची, मामा, पप्पा किती हलके झालेत तुम्हाला माहीत नाही, रात्री झोप लागायला लागली त्यांना. मी हुं हुं करायचो. तिकडे एक माणूस माफी मिळाली म्हणून झोपत होता आणि इकडे मी ती दिलेलीच नव्हती. माझ्या पायानं दिली होती.

इंदू म्हणाली, राहू द्या की तसंच. कुणाचं काय बिघडलं? तिचंही खरं होतं. पण लोकांच्या तोंडची ती गोष्ट माझ्या नावावर चालली होती, आणि तिच्यात शालनचं बोलावणं कुठेच नव्हतं. ते मी एकटाच उराशी घेऊन फिरत होतो.

एप्रिलमध्ये, द्राक्षाची छाटणी चालू असताना, मी एकटा एसटीनं दाजींच्या गावाला गेलो. ते बागेत होते. मला बघून त्यांनी हातातली कात्री गड्याकडे दिली आणि शेडमध्ये खाट टाकायला लावली. पाणी झालं, चहा झाला. पाण्याचं, औषधांच्या फवाऱ्याचं, स्नेहलच्या सासूचं बोलून झालं. मग मी म्हणालो, दाजी, मी लग्नात रुसलो नव्हतो.

आणि सगळं सांगितलं. गोळी, दार, पाय, मेंदूतल्या वाळलेल्या वाटा, त्यांचा हात.  शेवटी जे सांगायला आलो होतो ते राहिलं होतं.

‘त्या वक्ताला मी तुम्हाला माफ केलं नव्हतं,’ मी म्हणालो. ‘उलटा राग जास्त झाला. शालननं बोलावलं होतं हे मला तिथं कळलं. पाय उचलला तो तुमच्या हातावर पडू नये म्हणून. त्यापरीस जास्ती काही नव्हतं त्यात.’

दाजी बागेकडे बघत बसले. छाटलेल्या काड्यांचे ढीग ओळीनं पडले होते. माझा उजवा हात खाटेच्या कडेवर थरथरत होता आणि त्या दिवशी मी तो खिशात घातला नव्हता. आता ते काय म्हणतील याची मी वाट बघत होतो. मला वाटलं, म्हणतील, मग मी एवढ्या माणसांत उगाच वाकलो. तसं म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. 

‘किती दिस झालं ह्या दुखण्याला?’

‘तीन वर्षं होतील.’

‘तीन वर्षं.’ त्यांनी मान हलवली. ‘आन् आमाला कळवलं न्हाई तुम्ही.’

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलटून बोललो असतो, आमच्या घरात त्याला कुणी कमी नाही. त्यांना खरंच लागलं होतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. का नाही कळवलं? सुरुवातीला वाटलं, गोळ्यांनी थांबेल, मग सांगू. थांबलं नाही तेव्हा लाज वाटायला लागली. खांबांवर चढणारा माणूस, त्याला चहाचा कप धरवत नाही, हे कुणाला कसं सांगायचं? इंदू म्हणायची, निदान आपल्या माणसांना तरी बोलवा. एकदा नाही, कितीदा तरी म्हणाली. मी तिला शपथ घातली.

हे सगळं जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं, कारण यातला एकही शब्द नवीन नव्हता. मी हे सारं एका दारात उभं राहून ऐकलं होतं.

आज या गोष्टीला अकरा वर्षं झाली. दाजींना मी माफ केलं का, असं लोक मला अजूनही विचारत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते लग्नातच झालं. त्या शेडमध्ये आम्हीही तो शब्द काढला नाही. गड्यानं येऊन पुढच्या ओळीचं काही विचारलं, दाजींनी त्याला सांगितलं. ऊन कलायला लागलं. माझी शेवटची एसटी जायची वेळ झाली होती, आणि मी उठलो नाही.

‘सोमवारी मिरजेची तारीख आहे,’ मी म्हणालो. ‘दाजी, मला घेऊन चला.’